आरव्हीला बाहेरची वीज जोडताना: प्लग लावण्यापूर्वीची दहा मिनिटे

“अरे, या दाराची कडी धरली की हाताला मुंग्या येतात,” असे आई म्हणाली तेव्हा मी चहाचे आधण ठेवत होतो. अमेरिकेतल्या ऊटाह राज्यातल्या एका खासगी कॅम्पग्राउंडवरची ती सकाळ होती. रात्री पाऊस पडून गेला होता आणि आई अनवाणी, ओल्या गवतावर उभी राहून भाड्याच्या आरव्हीचे, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या गाडीचे, दार उघडू पाहत होती. मी आत कोरड्या फरशीवर उभा होतो, म्हणून तीच कडी धरूनही मला काहीच जाणवले नसते. आईला बाजूला व्हायला सांगून मी मल्टिमीटरची एक सळई दाराच्या पत्र्याला आणि दुसरी ओल्या जमिनीत खुपसलेल्या स्क्रूड्रायव्हरला लावली, तर आकडा आला ४७ व्होल्ट. जिच्यातून गाडीला वीज घेतली होती ती पेटी देखभालीच्या माणसाने उघडली तेव्हा सॉकेटमागची अर्थिंगची वायर स्क्रूमधून निसटून मोकळी झालेली दिसली. आदल्या रात्री अंधारात पोहोचल्यावर, पोरे भुकेली आहेत म्हणून, मी ते सॉकेट न तपासता प्लग लावून मोकळा झालो होतो. मी विजेच्या कामातलाच माणूस आहे हे सांगायला आजही ओशाळल्यासारखे होते.

ओले अंग आणि ओली जमीन असली की शरीराचा विजेला होणारा विरोध सुमारे १,००० ओहमपर्यंत उतरतो असे हिशेबाला धरतात. ४७ व्होल्टमागे खरा जोर असता, तर त्या हिशेबाने ४७ मिलिअँपियर वाहिले असते. साधारण १० मिलिअँपियरच्या पुढे मूठ आपोआप आवळली जाऊन सुटत नाही आणि ३०च्या पुढे हृदयाचा ताल बिघडण्याचा धोका सुरू होतो. आमच्या बाबतीत पत्र्यावर येणारी विजेची गळती बहुधा उपकरणांमधल्या फिल्टरची, म्हणजे अगदी दुबळी होती, म्हणून मुंग्यांवर भागले. पण गळती दुबळी आहे की जोरकस, हे हात लावून ठरवता येत नाही.

घर जमिनीवर उभे असते, आरव्ही रबरी टायरांवर. तिच्या पत्र्याचा जमिनीशी खात्रीचा असा संबंधच नसतो, तिला जे काही अर्थिंग मिळते ते केबलमधल्या एका वायरीतून आणि प्लगच्या एका पिनेतून. ती वायर कुठेही तुटली तरी आतले दिवे लागतात, एसी चालतो, टीव्ही दिसतो आणि बिघाडाची कुणालाही चाहूल लागत नाही. म्हणून या लेखातल्या पायऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक त्या एका वायरीसाठी आहेत.

आधी अमेरिकेतली वीज समजून घेऊ

आपण लहानपणापासून पाहिलेली व्यवस्था सोपी आहे: एक फेज, एक न्यूट्रल, दोन्हींमध्ये २३० व्होल्ट, आणि तिसरे अर्थिंग. अमेरिकेत घराला दोन फेज वायरी येतात. प्रत्येक फेज आणि न्यूट्रल यांच्यात १२० व्होल्ट असतात आणि दोन फेजमध्ये २४०. दिवे, टीव्ही, मायक्रोवेव्ह १२० वर चालतात, कपडे वाळवण्याचे यंत्र किंवा मोठी शेगडी २४० वर. पुढे ज्या दोन मोठ्या दुर्घटनांबद्दल सांगणार आहे, त्या दोन्हींचे मूळ या दोन फेजांमध्ये आहे.

बाहेरून घेतलेल्या या विजेला इथे शोर पॉवर म्हणतात. शब्द जहाजांकडून आला आहे. धक्क्याला लागलेले जहाज स्वतःचे जनरेटर बंद करून किनाऱ्यावरची वीज घेते, तशी ही उभ्या गाडीने खांबावरून घेतलेली वीज. कॅम्पग्राउंडच्या प्रत्येक जागेवर कमरेएवढ्या उंचीची एक पेटी असते, तिला पेडेस्टल म्हणतात, आणि तिच्यात साधारणपणे तीन सॉकेटे असतात.

पहिले घरातल्यासारखे, १५ किंवा २० अँपियरचे. दुसरे टीटी-३० नावाचे: दोन तिरक्या चपट्या फटी, एक गोल छिद्र, १२० व्होल्ट, ३० अँपियर. तिसरे १४-५० नावाचे: चार छिद्रे, दोन फेज, एक न्यूट्रल, एक अर्थिंग. तिथे प्रत्येक फेजवर ५० अँपियर मिळतात, म्हणजे एकूण १२,००० वॉट. ३० अँपियरच्या सॉकेटमध्ये मिळतात फक्त ३,६००. तीसच्या जागी पन्नास म्हणजे दीडपटीहून थोडे जास्त, असे समजून लोक गाडी निवडतात आणि फसतात. फरक तिपटीहून अधिक आहे. प्रत्येक सॉकेटला स्वतःचा ब्रेकर, म्हणजे जास्त वीज ओढली की आपोआप पडणारा स्विच, असतो. टीटी-३० च्या ब्रेकरला एकच दांडी असते आणि १४-५० च्या ब्रेकरला दोन जोडलेल्या दांड्या. ही खूण लक्षात ठेवावी, पुढे लागेल.

सगळीकडे हे पेडेस्टल मिळेलच असे नाही. राष्ट्रीय उद्यानांपैकी योसेमिटीच्या आतल्या एकाही कॅम्पग्राउंडवर विजेची जोडणी नाही, यलोस्टोनमध्ये ती फक्त फिशिंग ब्रिज आरव्ही पार्कमध्ये आहे, ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावर ट्रेलर व्हिलेजमध्ये आहे आणि झायनमध्ये वॉचमन कॅम्पग्राउंडच्या काही जागांवर. त्यामुळे प्रवासातल्या निम्म्या रात्री खासगी आवारांत जातात आणि तिथल्या पेट्यांची अवस्था मालकागणिक बदलते.

सोबत काय घ्यावे

भाड्याच्या गाडीबरोबर केबल आणि एखादे अडॅप्टर मिळते, तपासणीची साधने सहसा मिळत नाहीत. ती स्वतःची असावीत. सगळ्यात आधी स्पर्शाविना चालणारा पेनसारखा टेस्टर, जो फेजजवळ नेताच आवाज करतो. त्यानंतर कॅट-३ या सुरक्षा दर्जाचा एक बरा मल्टिमीटर. तिसरा, तीन दिव्यांचा साधा सॉकेट टेस्टर आणि तो टीटी-३० मध्ये बसवण्यासाठीचे अडॅप्टर. चौथी वस्तू महाग, पण माझ्या मते सगळ्यात कामाची: केबल आणि पेडेस्टल यांच्यामध्ये लावायची संरक्षण पेटी, जिला ईएमएस म्हणतात. साधारण ३०० डॉलरच्या आसपास मिळते. ती व्होल्टेज, अर्थिंग, न्यूट्रल आणि उलटी जोडणी आधी तपासते आणि काही चुकीचे असेल तर वीज आत सोडतच नाही. चालू असतानाही व्होल्टेज १०४च्या खाली किंवा १३२च्या वर गेले की अशा बहुतेक पेट्या जोडणी तोडतात. नुसता सर्ज प्रोटेक्टर याच आकाराचा आणि निम्म्या किमतीचा असतो. तो विजेच्या कडकडाटातला क्षणिक उसळा शोषतो, पण न्यूट्रल तुटल्यावर काहीच करत नाही. विकत घेताना डब्यावरचे नाव वाचू नये, तुटलेले न्यूट्रल आणि तुटलेले अर्थिंग ओळखून जोडणी तोडते का, तेवढे वाचावे.

प्लग लावण्याआधी

गाडी जागेवर लावल्यावर आतला एसी, पाण्याचा हीटर आणि मायक्रोवेव्ह बंद आहेत ना ते पाहावे. मग पेडेस्टलकडे जाऊन सगळे ब्रेकर बंद करावेत. आधी डोळ्यांनी पाहावे: सॉकेटभोवती प्लॅस्टिक काळवंडले किंवा वितळले आहे का, झाकण तुटून आत पाणी गेले आहे का, मुंग्यांनी किंवा गांधीलमाशीने घर केले आहे का. काळवंडलेले सॉकेट म्हणजे आतला संपर्क सैल झालेला आहे. सैल संपर्काचा विरोध अवघा ०.२ ओहम धरला तरी २५ अँपियर वाहताना तिथे १२५ वॉट उष्णता तयार होते. मुठीएवढ्या प्लगमध्ये जुन्या शंभरच्या बल्बपेक्षा जास्त उष्णता, आणि तीही बंदिस्त. असे सॉकेट दिसले तर पुढचे काही तपासू नये, कार्यालयात जाऊन दुसरी जागा मागावी.

पेटी बरी दिसली की कोरड्या जमिनीवर, बूट घालून उभे राहून स्पर्शाविना चालणारा टेस्टर पेटीच्या पत्र्याजवळ न्यावा. पत्र्याजवळ तो ओरडला तर पेटीच जिवंत आहे, म्हणजे तिच्या पत्र्यात वीज उतरली आहे, हात लावू नये. शांत राहिला तर हव्या त्या सॉकेटचा ब्रेकर चालू करून मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवावा. हे माप चालू विजेवर घ्यायचे असते. सळ्यांच्या टोकांना बोटे लागू नयेत आणि हात ओले नसावेत. ज्यांना मल्टिमीटरची सवय नाही त्यांनी ही पायरी सोडून ईएमएसवर अवलंबून राहिलेले बरे.

टीटी-३० मध्ये तीन जोड्या मोजायच्या. दोन चपट्या फटींमध्ये १२० च्या आसपास यायला हवेत. एक चपटी फट आणि गोल छिद्र यांच्यातही १२० यायला हवेत. दुसरी चपटी फट आणि गोल छिद्र यांच्यात जवळपास शून्य, फार तर एक-दोन व्होल्ट. गोल छिद्राशी कुठलेच स्पष्ट माप येत नसेल, आकडे नुसते तरंगत असतील, तर अर्थिंग तुटलेले आहे. दोन फटींमध्ये २४० आले तर तिथून निघावे, त्याबद्दल पुढे लिहितो. १४-५० मध्ये दोन फेजमध्ये २४० यावेत, प्रत्येक फेज आणि न्यूट्रलमध्ये १२०, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये शून्याजवळ. काही मोठ्या आवारांत तीन फेजची वीज असल्याने दोन फेजमध्ये २०८ दिसतात. प्रत्येकी १२० बरोबर असतील तर ते चालते.

फेज आणि न्यूट्रल उलटसुलट लागले आहेत का, हे तीन दिव्यांच्या टेस्टरवर लगेच कळते. मात्र त्या टेस्टरवर आंधळा विश्वास ठेवू नये. जुन्या जोडणीत अर्थिंगची वायरच नसते, कुणीतरी सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंग एका तुकड्याने जोडून ठेवतो, आणि त्यातच फेज-न्यूट्रल उलटे लागलेले असतात. मग अर्थिंगच्या पिनेवर थेट फेज येतो. तीन दिव्यांचा टेस्टर दोन-दोन छिद्रांमधला फरकच पाहतो, म्हणून अशा सॉकेटवरही तो सगळे ठीक असल्याचे दिवे दाखवतो. प्लग लावताच अख्खी गाडी १२० व्होल्टवर जाते. हा बिघाड पकडतो तो स्पर्शाविना चालणारा टेस्टर. म्हणून तो दोनदा वापरायचा, प्लग लावण्याआधी पेटीजवळ आणि लावल्यानंतर गाडीच्या पत्र्याजवळ. दुसऱ्या वेळी आपण जमिनीवर उभे असायला हवे. गाडीच्या आत उभे राहून पाहिले तर आपले अंग गाडीइतक्याच व्होल्टेजवर असते आणि टेस्टर गप्प राहतो.

जोडण्याचा क्रम

तपासणी झाली की ब्रेकर पुन्हा बंद करावा. केबल पूर्ण उलगडावी. वळ्यांमध्ये गुंडाळलेली केबल लोडवर, म्हणजे उपकरणे चालू असताना, तापते आणि आतल्या वळ्यांची उष्णता बाहेर जात नाही. ३० अँपियरच्या केबलमध्ये १० गेजच्या, तर ५० अँपियरच्या केबलमध्ये मुख्य वायरी ६ गेजच्या असतात. आकडा लहान तशी वायर जाड. त्यापेक्षा बारीक एक्स्टेंशन मध्ये घालू नये.

आता गाडीकडचे टोक आधी लावावे, वळवून त्याचे कडे घट्ट करावे, मग ईएमएस आणि शेवटी पेडेस्टलचा प्लग. उलट क्रमाने केले आणि ब्रेकर बंद करायचा राहून गेला असेल, तर जिवंत केबलचे टोक हातात धरून गाडीपर्यंत चालावे लागते. प्लग पूर्ण आत गेला आहे, पिनेची चकाकी बाहेर दिसत नाही, हे वाकून पाहावे. मग ब्रेकर एका झटक्यात चालू करावा. ईएमएस काही सेकंद ते दोन-अडीच मिनिटे तपासत बसते, तेवढ्यात घाई करून ब्रेकर वर-खाली करू नये. एसीचा कॉम्प्रेसर लगेच बंद-चालू होऊ नये म्हणून तो विलंब मुद्दाम ठेवलेला असतो.

वीज आत आल्यावर पुन्हा जमिनीवर उभे राहून स्पर्शाविना टेस्टर दाराच्या कडीजवळ, पायरीजवळ आणि ट्रेलर असेल तर जोडणीच्या दांड्याजवळ न्यावा. मल्टिमीटरने पत्रा आणि जमीन यांच्यात दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त आले तर अर्थिंगमध्ये खोट आहे असे समजून लगेच ब्रेकर बंद करावा. हे झाल्यावरच लहान मुलांना आणि आईवडिलांना आत-बाहेर करू द्यावे.

तासाभराने, एसी चालू असताना, प्लगच्या पाठीला हात लावून पाहावा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर ब्रेकर बंद करून पिना पाहाव्यात. निळसर काळ्या पडलेल्या पिना असलेला प्लग घासून पुन्हा वापरण्याची काटकसर करू नये.

जमिनीत सळई ठोकून भागत का नाही

घरी मीठ-कोळसा घालून केलेला अर्थिंगचा खड्डा पाहिलेल्या माणसाला हा उपाय चटकन सुचतो. माझ्या सासऱ्यांनीही तंबूचा लोखंडी खुंटा गाडीला तारेने बांधण्याचा सल्ला दिला होता. हिशेब करून पाहू. चांगल्या ओल्या जमिनीत ठोकलेल्या सळईचा विरोध २५ ओहम धरला, तर पत्र्याला १२० व्होल्ट लागल्यावर त्या वाटेने ४.८ अँपियर वाहतील. ३० अँपियरचा ब्रेकर एवढ्याने कधीच पडणार नाही. पत्रा जिवंतच राहील आणि आपल्याला वाटेल की अर्थिंग केले आहे. ब्रेकर पडायचा तर शेकडो अँपियर वाहायला हवेत, आणि ते फक्त केबलमधल्या तांब्याच्या वायरीने, मुख्य पॅनेलमध्ये जिथे अर्थिंग आणि न्यूट्रल एकत्र बांधलेले असतात तिथपर्यंत परत जाऊ शकतात. ती गाठ मुख्य पॅनेलमध्येच हवी. गाडीच्या आतल्या पॅनेलमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंग एकमेकांपासून वेगळे ठेवावेच लागतात. गाडीत स्वतः दुरुस्ती करणारे उत्साही लोक तिथेही गाठ मारतात, आणि मग नेहमीच्या वापरातला परतीचा प्रवाह पत्र्यातून वाहू लागतो.

आणखी एक गैरसमज भारतातून येतो. तिकडे नव्या घरांत ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, सगळ्या घराला लावलेला असतो, त्यामुळे गळती झाली की काहीतरी पडेल असे मनात बसलेले असते. इथल्या पेडेस्टलवर २० अँपियरच्या सॉकेटला त्याच कामाचा जीएफसीआय असतो आणि तो ५ मिलिअँपियरच्या आसपासच पडतो, पण ३० आणि ५० अँपियरच्या सॉकेटांना तो सहसा नसतो. गाडीच्या आतले न्हाणीघरातले आणि ओट्याजवळचे जीएफसीआय त्या त्या सॉकेटला लावलेल्या उपकरणापुरते राखण करतात, पत्रा जिवंत झाला तर त्यांना कळतही नाही.

दोन मोठे घात

पहिला नातेवाइकाच्या दारात होतो. बहिणीकडे आठवडाभर राहायचे म्हणून ती हौसेने इलेक्ट्रिशियन बोलावून गॅरेजमध्ये आरव्हीचे सॉकेट बसवून घेते. घरकामाच्या इलेक्ट्रिशियनला तीन छिद्रांचे ३० अँपियरचे सॉकेट म्हणजे कपडे वाळवण्याच्या यंत्राचे, असा सराव असतो, म्हणून तो दोन्ही फटींना फेज लावून टाकतो. प्लग लावताच गाडीतल्या प्रत्येक १२० व्होल्टच्या उपकरणाला २४० मिळतात. बॅटरी चार्ज करणारा कन्व्हर्टर, मायक्रोवेव्ह, टीव्ही काही क्षणांत जातात. हे टाळायला त्याला कागदावर लिहून द्यावे: टीटी-३०, १२० व्होल्ट, एक फेज, एक न्यूट्रल, एक अर्थिंग, एका दांडीचा ३० अँपियर ब्रेकर. पॅनेलमध्ये त्या सॉकेटसाठी दोन जोडलेल्या दांड्यांचा ब्रेकर दिसला, तर त्याने कितीही खात्री दिली तरी मोजल्याशिवाय प्लग लावू नये.

दुसरा घात ५० अँपियरच्या जोडणीत न्यूट्रल तुटल्याने होतो. दोन फेजांवरची उपकरणे मग २४० व्होल्टवर एकामागे एक जोडल्यासारखी होतात आणि व्होल्टेज लोडप्रमाणे वाटले जाते. एका फेजवर १,५०० वॉटचा केस वाळवण्याचा ड्रायर आणि दुसऱ्यावर १०० वॉटचा टीव्ही आहे असे धरा. ड्रायरचा विरोध ९.६ ओहम, टीव्हीचा सुमारे १४४. ड्रायरच्या वाट्याला १५ व्होल्ट येतात आणि टीव्हीच्या वाट्याला २२५. ब्रेकरला यात काहीच वावगे दिसत नाही. काही दिवे एकदम प्रखर आणि काही मंद झाले, की कारण शोधत बसू नये, धावत जाऊन पेडेस्टलचा ब्रेकर बंद करावा.

३,६०० वॉटांत संसार

भाड्याच्या लहान गाड्या बहुधा ३० अँपियरच्याच असतात. तासन्‌तास चालणारा लोड ब्रेकरच्या ऐंशी टक्क्यांत, म्हणजे २४ अँपियरमध्ये ठेवावा. छतावरचा एसी १३ अँपियर घेतो आणि सुरू होताना क्षणभर कितीतरी जास्त. पाण्याचा विजेचा हीटर १२, मायक्रोवेव्ह १३, केसांचा ड्रायर साडेबारा, इलेक्ट्रिक कुकर साडेआठ, इंडक्शन शेगडी पूर्ण जोरावर १५. सकाळी एसी आणि हीटर चालू असताना कुणी इडल्या गरम करायला मायक्रोवेव्ह लावला की ३८ अँपियर होतात आणि ब्रेकर पडतो. आमच्याकडे आता नियम असा की अंघोळीचे पाणी गॅसवर तापवायचे (बहुतेक हीटरला तो पर्याय असतो) आणि मायक्रोवेव्ह लावणाऱ्याने आधी मोठ्याने विचारायचे. ब्रेकर पडला तर आधी लोड काढावा, मग तो पूर्ण खाली नेऊन वर करावा. दोनदा पडला तर तिसऱ्यांदा वर करू नये.

जुलैच्या दुपारी सगळ्या आवारातले एसी एकदम चालू झाले की व्होल्टेज १२० वरून १०६ पर्यंत उतरलेले मी पाहिले आहे. कमी व्होल्टेजवर कॉम्प्रेसरची मोटर जास्त अँपियर ओढून तापते. १०४च्या खाली एसी बंद ठेवून झाडाखाली बसलेले परवडते.

अडॅप्टरांबद्दल थोडक्यात. ५० ची गाडी ३० च्या सॉकेटवर लावता येते, पण मग सगळ्या गाडीला मिळून ३,६०० वॉटच मिळतात. ३० ची गाडी ५० च्या सॉकेटवरही चालते, कारण गाडीच्या आत स्वतःचा ३० चा मुख्य ब्रेकर असतो. घराच्या साध्या १५ अँपियरच्या सॉकेटवर लावली तर १२ अँपियरच धरून चालावे: दिवे, फ्रिज, बॅटरीचे चार्जिंग, एसी नाही. तिथला जीएफसीआय पडत राहिला तर गाडीत कुठेतरी गळती आहे, बहुतेक वेळा हीटरच्या एलिमेंटमधून. तो चुकवण्यासाठी अर्थिंगची पिन काढणे किंवा थ्री-पिनचे टू-पिन करणारा जुना तुकडा लावणे म्हणजे आईच्या कडीचा प्रसंग स्वतःच्या हाताने घडवून आणणे.

आता खास आपल्या लोकांसाठी. भारतातून आणलेला २३० व्होल्टचा मिक्सर आरव्हीत चटणीसाठी लागतोच. “५० च्या सॉकेटमध्ये २४० असतातच की,” असे म्हणून एका गृहस्थांनी त्यातून दोन फेज काढून भारतीय सॉकेट बसवलेली केबल मला अभिमानाने दाखवली होती. त्या केबलच्या दोन्ही वायरी जिवंत असतात, म्हणजे मिक्सरचे बटण बंद केले तरी मोटरवर एक फेज राहतोच. शिवाय बारीक वायरीच्या रक्षणाला ५० अँपियरचा ब्रेकर, जो ती वायर पेटेपर्यंत पडणार नाही. ७५० वॉटचा मिक्सर योग्य क्षमतेच्या ट्रान्सफॉर्मरवर चालवता येतो. तो १२० च्या बाजूने सव्वासहा अँपियरहून थोडे अधिक घेईल, ते हिशेबात धरावे. मी मात्र तेलंगणातल्या एका मित्राचे ऐकून १२० व्होल्टचा मिक्सर घेतला आणि ट्रान्सफॉर्मरचे ओझे वाचवले.

जनरेटरवर चालवताना हा सगळा विचार लागू आहेच, पण तिथे पहिला धोका विजेचा नसून धुराचा आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. अलार्म चालू आहे ना हे दाबून पाहावे, धुराडे शेजारच्या किंवा आपल्या खिडकीकडे नसावे आणि झोपताना जनरेटर बंद असावा.

सुट्टीत भारतात येऊन कोकणात वगैरे कॅराव्हॅन घेणाऱ्यांनी आकडे बदलून घ्यावेत: २३० व्होल्ट, आणि १६ अँपियरच्या सॉकेटवर ३,६८० वॉट, म्हणजे टीटी-३० एवढेच. होमस्टेच्या ओसरीतल्या सॉकेटला अर्थिंग खरेच जोडलेले आहे का आणि ती लाइन आरसीसीबीवर आहे का, हे मालकाला विचारून भागवू नये, मोजावे. ओल्या पायांना २३० व्होल्ट १२० च्या जवळपास दुप्पट लागतात.

निघताना

आतले लोड एकेक बंद करावेत, मग पेडेस्टलचा ब्रेकर, मग पेडेस्टलचा प्लग काढावा आणि शेवटी गाडीकडचा. प्लग त्याच्या पाठीला धरून ओढावा, केबलला धरून नव्हे. पिना पुसून, पाहून ठेवाव्यात. रंग बदललेला असेल तर त्याच दिवशी गाडीच्या मालकाला फोटो पाठवावा, म्हणजे पुढच्या भाडेकऱ्याला तीच केबल मिळणार नाही.

आणि पेटीत खोट सापडली असेल तर नुसते दुसऱ्या जागेवर जाऊ नये. जागेचा क्रमांक, कुठले सॉकेट आणि मीटरवर आलेले आकडे कागदावर लिहून कार्यालयात द्यावेत, आणि कुणी येईपर्यंत त्या सॉकेटवर रंगीत टेप आडवा लावून ठेवावा. ऊटाहमध्ये देखभालीचा माणूस पोहोचेपर्यंत शेजारच्या जागेवरचे एक आजोबा, त्यांच्या पेटीत वीज कमी येते म्हणून, आमच्या मोकळ्या झालेल्या सॉकेटकडे केबल घेऊन निघाले होते. टेप पाहून ते थांबले.